लॅपटॉपचे वायफाय डेस्कटॉपला देताना

तुमच्या जुन्या डेस्कटॉपमध्ये वायफायची सोय नसली, तरी लॅपटॉपला मिळणारे इंटरनेट साध्या लॅन केबलने त्याला देता येते. दोन्ही संगणक केबलने जोडल्यावर विंडोजच्या लॅपटॉपवर कंट्रोल पॅनेलमधून नेटवर्क कनेक्शन्स उघडावे, वायफायच्या चिन्हावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधील शेअरिंग या टॅबवर जावे आणि तेथील पहिल्या चौकटीत खूण करावी. ही खूण वायफायवरच करायची असते, लॅनवर नव्हे; नवख्यांची गल्लत बहुधा येथेच होते. त्यानंतर लॅपटॉपच्या लॅन पोर्टला १९२.१६८.१३७.१ हा आयपी पत्ता (नेटवर्कवर संगणक ओळखण्याचा क्रमांक) मिळतो आणि डेस्कटॉपला त्याच मालिकेतला पत्ता आपोआप दिला जातो. डेस्कटॉपवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर त्याला लॅपटॉपकडून पत्ता मिळालेलाच नाही असे समजावे, शेअरिंग एकदा बंद करून पुन्हा सुरू करावे आणि तरीही जमले नाही तर केबल बदलून पाहावी. फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरून येणारी नको ती जोडणी अडवणारी सुरक्षा, कायमची बंद करण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मुळीच ऐकू नये. लॅपटॉप स्लीपमध्ये गेला की डेस्कटॉपचे इंटरनेटही जाते, त्यामुळे रोजच्या वापरासाठी यूएसबीचा छोटा वायफाय अडॅप्टर घेणेच मला अधिक सोयीचे वाटते.