उडणाऱ्या नत्राचा हिशेब

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

कृषी सहायक म्हणून रुजू झाल्याचे तुझे पत्र मिळाले. शेतीतून उडणाऱ्या अमोनियाबद्दल गावात काय सांगावे, असे तू विचारतोस. आधी खर्च पाहा, कारण शेतकरी तोच आधी पाहतो.

परभणीकडच्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीचा सामू, म्हणजे आम्ल-विम्लतेचे माप, बहुधा आठच्या आसपास, विम्लतेकडे असतो. अशा ओलसर जमिनीवर युरिया फोकून उघडा ठेवला की मातीतले युरिएज विकर (एन्झाइम) त्याचे विघटन करते आणि आठवडाभरातच नत्राचा बराच हिस्सा अमोनिया होऊन हवेत जातो. रिमझिम पाऊस तर घातकच. तो युरिया विरघळवतो, पण खाली नेत नाही. 2015 मध्ये निमकोटेड, म्हणजे निंबोळी तेलाचा लेप दिलेला युरिया सक्तीचा झाल्यावर हा प्रश्न मिटला, असे तुला अनेक जण सांगतील, परंतु निंबोळी तेल नत्राचे नायट्रेट होणे लांबवते, अमोनियाचे उडणे रोखत नाही.

45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते आणि तिच्यात 20.7 किलो नत्र असते. एकरभर कपाशीला दोन गोण्या दिल्या आणि पाचवा हिस्सा उडाला असे धरले, तरी तोटा जेमतेम 107 रुपयांचा दिसतो. तेवढ्यासाठी मजूर लावून खत गाडा, असा सल्ला मी उमेदीच्या काळात देत असे. एका बाईंनी मला बांधावरच मजुरीचा आकडा ऐकवला आणि मी गप्प झालो. अनुदानामुळे युरिया इतका स्वस्त आहे की त्याची बचत मजुरीपुढे टिकत नाही. उडालेल्या नत्रामुळे पिकाची जी वाढ खुंटते, तिचे मोल मात्र या 107 रुपयांत येत नाही.

म्हणून वेगळी मजुरी लागणार नाही अशी वेळ साध. कोळपणीच्या तोंडावर युरिया द्यावा आणि लगेच कोळपे फिरवून तो मातीआड करावा. गव्हाला पाणी देण्याच्या आधी द्यावा, पाणी दिल्यानंतरच्या ओलीवर फोकू नये.

गोठ्यातला अमोनिया शेणापेक्षा मूत्रातून अधिक सुटतो. सोयाबीनची गुळी अंथरून मूत्र शोषून घेणे आणि उकिरड्यावर मातीचा थर देणे याला पैसा लागत नाही, असे आपण सहज बोलून जातो. पण ते रोजचे काम घरातल्या बायकांवर पडते, तेही हिशेबात धर.

हवेचा लाभ निराळा. हा वायू परळीसारख्या औष्णिक केंद्रांच्या आणि वाहनांच्या धुरातून तयार होणाऱ्या आम्लांशी मिळून फुप्फुसात शिरणारे सूक्ष्म कण बनवतो. ते कमी झाले तर फायदा दूरच्या माणसांचा होतो, शेतकऱ्याच्या पदरात त्यातले फारसे पडत नाही. तेव्हा तो खर्च एकट्या शेतकऱ्याने सोसावा, असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. नेदरलँड्समध्ये 2019 साली याच नत्राच्या प्रश्नावरून शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हेगच्या रस्त्यांवर उतरले होते.

घरची बैलजोडी असलेल्या दोघांपासून सुरुवात कर. चार ओळींतला युरिया झाकायचा, चार ओळींतला उघडा ठेवायचा, आणि पंधरा दिवसांनी पानांचा रंग त्यांनाच पाहू द्यायचा.