जुलाबाची गोळी आणि हिरड्यांतून रक्त

प्रश्न : ताई, माझ्या सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत. हृदयाची झडप बदलल्यापासून त्या रोज असिट्रॉम ही रक्त पातळ ठेवणारी गोळी घेतात. शिवाय साखरेसाठी ग्लिमेपिराइड आणि हाडांसाठी कॅल्शियम चालू आहे. जुलाब लागले म्हणून ह्यांनी मेडिकलमधून ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडॅझोल या अँटिबायोटिकची पट्टी आणली. तिसऱ्या दिवशी दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं. असिट्रॉम थांबवू का? – एक वाचक, मिरज

उत्तर : मनाने थांबवू नका. रक्त दिसलं की घाबरून घरचे आधी तीच गोळी बंद करतात, आणि धातूच्या झडपेवर गुठळी धरली तर ती मेंदूपर्यंत जाऊ शकते. त्याच दिवशी आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा) तपासायचा आणि आकडा हृदयाच्या डॉक्टरांना कळवायचा. डोस तेच ठरवतील. तुम्हाला हे फोनवर सांगून झालंय, छापून येईपर्यंत थांबण्यासारखं ते नव्हतं. आता इतर वाचकांसाठी जरा सविस्तर.

असिट्रॉम यकृतात मोडते. ऑर्निडॅझोल किंवा त्याच जातीचं मेट्रोनिडॅझोल घेतलं की हे मोडणं मंदावतं. गोळी तेवढीच, पण अंगात साठते जास्त. त्यात जुलाबाने जेवण तुटलेलं, म्हणजे रक्त गोठायला लागणारं व्हिटॅमिन के कमी. त्यानेही रक्त आणखी पातळ होतं. धातूच्या झडपेला आयएनआर साधारण २ ते ३ लागतो, मायट्रल (हृदयाच्या डाव्या कप्प्यांमधली) झडप असेल तर २.५ ते ३.५. तो चार-पाचच्या वर गेला की हिरड्या बोलू लागतात. काळी शौच, लाल लघवी, न थांबणारा घोळणा, अचानक जोराची डोकेदुखी किंवा डोक्याला मार, यांतलं काहीही झालं तर आकड्याची वाट न पाहता थेट इस्पितळात न्या. आणि एक गोष्ट बहुतेक जण विसरतात: कोर्स संपल्यावर आयएनआर पुन्हा खाली येतो. मधल्या काळात असिट्रॉम कमी केली असेल, तर तेव्हाही तपासणी हवीच.

आता ग्लिमेपिराइड. ऑफ्लॉक्सासिनबरोबर साखर एकदम उतरू शकते, आणि सासूबाईंच्या पोटात तर पेजेशिवाय काही नव्हतं. दरदरून घाम, हातापायांना कंप, असंबद्ध बोलणं दिसलं तर आधी साखरपाणी द्या, मग ग्लुकोमीटर शोधा. खाणं नीट होत नसेल त्या दिवशी ही गोळी द्यायची की नाही, हे डॉक्टरांना विचारून ठेवा.

कॅल्शियमचा प्रकार उलटा. ते पोटात ऑफ्लॉक्सासिनला चिकटतं आणि औषध अंगी नीट लागत नाही. लोहाची गोळी आणि ॲसिडिटीचं पातळ औषधही तसंच. दोन तासांचं अंतर ठेवा. कोर्सपुरतं कॅल्शियम बंद ठेवलं तरी हाडांचं काही बिघडत नाही.

आणि ह्यांना माझ्याकडून एवढं विचारा: पट्टीवरची लाल उभी रेघ पाहिली होती का? ती चिठ्ठीशिवाय न द्यायच्या औषधावर असते. माझ्या मेडिकलच्या काउंटरवरही रोज कुणीतरी म्हणतंच, ‘जुलाबाचं काहीतरी द्या.’ मी ओआरएसची पुडी पुढे करते आणि विचारते, ‘घरात आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत?’ निम्मे जण चिडतात. चिडू देत. साध्या जुलाबाला बहुतेक वेळा अँटिबायोटिक लागतच नाही. ताप असेल, शौचात रक्त असेल तर डॉक्टरांकडे जायचं. जाताना सगळ्या पट्ट्या पिशवीत भरून न्या, दशमूलारिष्टाची बाटलीसुद्धा. त्यात आंबवून तयार झालेलं मद्यार्क असतं, आणि मेट्रोनिडॅझोलच्या जातीच्या औषधांबरोबर मद्य टाळायला सांगतात.