तीन हजारांत रिमोटची एअरबोट होते का? की पाण्यातलाच पंखा बरा?

एअरबोट म्हणजे पंखा पाण्यात नाही, वर हवेत फिरवून पळणारी बोट. मोटर ए2212, 1000 केव्ही, म्हणजे व्होल्टमागे मिनिटाला 1000 फेरे. ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा सर्किट, 30 अँपिअरचा. बॅटरी तीन सेलची, 2200 एमएएच. रिमोट कुणाचा उसना मिळाला तर तीन हजारांत बसेल, नाहीतर विसरा.

पण प्रश्नातलं ते ‘पाण्यातलाच पंखा बरा’ मला झोंबलं. आमचे भाऊजी चार वर्षं हेच म्हणतायत.

मी फ्रिजच्या पॅकिंगचं थर्माकोल घेतलं, 60 बाय 25 सेंटीमीटर, तळ सपाट. सगळं मिळून 900 ग्रॅम, म्हणजे पाण्यात जेमतेम 6 मिलिमीटर. अंगणातल्या हौदात सुतळी बांधून बॅगा तोलायच्या काट्यावर ओढ मोजली: 600 ग्रॅम. मी खूश. रविवारी पोहे-जलेबी आटोपून सगळं खानदान इंदूरच्या बिलावली तलावावर. एकदम फुल थ्रॉटल दिला. नाक खाली, शेपूट वर, बोट गडप.

"पाणबुडी छान झालीय रे," भाऊजी.

आता ऐका. पंखा हवेत होता ही चूक नव्हती, फार उंच होता ही होती. 10 इंची पंख्यापायी मोटर पाण्यापासून 18 सेंटीमीटर वर गेली, आणि तिथून रेटा बसला की नाक दाबलं जाणारच. हौदात कळलं नाही, कारण मी शहाण्याने सुतळी मोटरच्याच खांबाला बांधली होती, रेटा आणि ओढ एकाच उंचीवर, नाक दाबणार कसं! मग 8 इंची पंखा लावला, मोटर 3 सेंटीमीटर खाली घेतली, बॅटरी पार मागे सरकवली, नाक कापून वर उचललं. बोट काठच्या शेवाळावरून सरसर गेली.

पुढच्या महिन्यात भाऊजी स्वतःची बोट घेऊन आले, पंखा पाण्यातला. मिनिटभरात शाफ्टला शेवाळाची वेणी.

हां, कमी विजेत जास्त रेटा पाण्यातलाच पंखा देतो, तेवढं त्यांचं खरं. पण पाणी स्वच्छ हवं. पंख्याला जाळी लावा, हाताची बोटं कापली जातात. थर्माकोलवर स्प्रे पेंट मारू नका, विरघळतं. इंदूरच्याच सिरपूर तलावावर नेऊ नका, 2022 पासून ते रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा आहे, पक्ष्यांना त्रास कशाला. आणि थ्रॉटल सोडला की पंख्याचा वारा थांबतो, मग रडर म्हणजे सुकाणूही काम करत नाही, ब्रेक-रिव्हर्स तर नसतोच, तेव्हा मागे मासेमारीची दोरी बांधा.

भाऊजींनी बांधली नव्हती. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आत शिरले ते, आणि फोटो माझ्याकडे आहे.