वाचकांचे प्रश्न: सकाळी धर्मचिंतन, रात्री गूढकथा

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक असून सोलापुरात राहतो. सकाळी धर्म आणि हवामानबदल यांविषयीचे लेख वाचतो, रात्री निजण्यापूर्वी एखादी विचित्र, गूढ लघुकथा. मुलगा म्हणतो, "अण्णा, एका विषयाला धरून वाचा, नाहीतर हाती काहीच लागणार नाही." असे वाचन खरोखरच वाया जाते का? शिवाय हवामानाचा प्रश्न विज्ञानाचा आहे, त्यात धर्माचे काय काम?

उत्तर: आधी दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण तो सोलापूरकराला पुस्तकात शोधावा लागत नाही. तापमान का आणि किती वाढते, हे विज्ञान सांगते. पण उजनी धरणातून शहरासाठी भीमेत सोडलेले पाणी सोलापूरजवळच्या औज बंधाऱ्यापर्यंत येते, तेव्हा वाटेत काही मुरते, काही उन्हात उडते आणि काही काठावरच्या मोटारी उचलतात. त्या पाण्यावर पहिला हक्क उसाचा, शहरातल्या नळाचा की पंढरपुरात चंद्रभागेत उतरणाऱ्या वारकऱ्याचा, याचे उत्तर कोणताही तापमापक देत नाही. तो न्यायाचा आणि संयमाचा प्रश्न आहे, आणि संयमाविषयी माणसांशी सर्वांत जास्त काळ बोलत आलेली परंपरा धर्माचीच आहे.

या विषयावरचे वाचन क्रमाने केल्यास त्यातला वाद उलगडत जातो. १९६७ मध्ये लिन व्हाइट या इतिहासकाराने एका विज्ञान-नियतकालिकात असा आरोप केला की, निसर्गावर माणसाची सत्ता मानणाऱ्या पाश्चात्त्य ख्रिस्ती दृष्टीत पर्यावरणीय संकटाचे मूळ आहे. मात्र त्याच लेखात त्यांनी प्राणिमात्रांना भावंडे मानणाऱ्या संत फ्रान्सिसचा आदर्शही पुढे ठेवला. १९७९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याच संताला पर्यावरणाचे काम करणाऱ्यांचा आश्रयदाता घोषित केले, आणि २०१५ मध्ये त्याचे नाव धारण केलेल्या पोप फ्रान्सिस यांनी पृथ्वीला 'आपले सामाईक घर' म्हणणारे परिपत्रक काढले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इस्तंबूल येथे मुस्लीम विद्वानांनीही हवामानबदलावर जाहीरनामा प्रसिद्ध केला. आरोप ऐकून घेऊन परंपरेने स्वतःच्या घरात उत्तर शोधणे, ही मला या साऱ्यातली मोलाची गोष्ट वाटते.

आपल्याकडच्या अशा लेखनात मला एक उणीव सतत जाणवते. "आमच्या पूर्वजांना हे सारे ठाऊक होते" या वाक्याशी लेखक पोहोचला की लेख संपतो. तुकोबांनी वृक्षवल्लींना सोयरे म्हटले हे खरेच. पण सोयऱ्यासाठी पदरमोड करावी लागते, तिचा उल्लेख लेखात कुठेच नसतो. म्हणून असा लेख वाचताना एवढेच पाहावे की, तो आपल्याच भाविकांना काय सोडायला सांगतो. सिद्धेश्वर तलावाच्या काठाने चालताना मला ही कसोटी नेहमी आठवते. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी शिष्यांसह हा तलाव खोदला, असे परंपरा सांगते. म्हणजे या गावाच्या श्रद्धेने पहिले काम केले ते मातीची पाटी डोक्यावर घेण्याचे.

आता तुमच्या रात्रीच्या कथांविषयी. उन्हाळ्यात आपण वर्तमानपत्रात "उजनी उणे" असे वाचतो. धरणातल्या सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाण्यापैकी निम्म्याहून अधिक मृतसाठा, म्हणजे वापराच्या हिशेबात न धरलेले तळाचे पाणी, असल्यामुळे त्याला हात लागला की हिशेब शून्याच्या खाली जातो, हे आपल्याला कळते. तरीही पाणी उणे होणे ही कल्पना किती अद्भुत आहे! अशाच एका उन्हाळ्यात मी उजनीच्या काठच्या पळसदेवला गेलो होतो. पाणी ओसरल्यामुळे बुडालेले पळसनाथाचे मंदिर उघडे पडले होते. भेगाळलेल्या गाळावर पांढरे शिंपले विखुरले होते आणि दगडी खांबाला मासेमारीच्या जाळ्याचा एक तुकडा गुंडाळला गेला होता. लोक दूरवरूनच चपला काढून त्या तापल्या गाळावरून चालत येत होते. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या बाई हात जोडून रडत होत्या. देऊळ दिसले याचा आनंद आणि ते दिसते म्हणजे पाणी संपले याची धास्ती, दोन्ही त्या एकाच रडण्यात होते.

लेखाला यातली एक बाजू निवडावी लागते. विचित्र कथा दोन्ही सोडवत न बसता तशाच हातात ठेवते. नेहमीच्या वास्तववादी कादंबरीला अघटित पेलवत नाही, म्हणून हवामानबदल तिच्यातून निसटतो, असा मुद्दा कादंबरीकार अमिताव घोष यांनी २०१६ मध्ये मांडला. मला तो पटतो. तेव्हा तुमची सकाळ आणि रात्र एकमेकांपासून फार दूर नाहीत. मुलाचे म्हणणे मात्र पूर्णपणे बाजूला सारू नका. दहा लेखांची नुसती सुरुवात वाचणे म्हणजे खरी धरसोड. एक वही ठेवा, तिच्या पहिल्या पानावर एकच प्रश्न लिहा, उदाहरणार्थ "पाणी कोणाचे?", आणि सहा महिने जे जे वाचाल त्यातले त्या प्रश्नाला भिडणारे एखादे वाक्य तिच्यात उतरवा.

प्रश्न: मी महाविद्यालयात शिकते. गूढकथा आवडतात, पण पुष्कळदा शेवट कळत नाही आणि आपण कमी पडलो असे वाटते. काय करावे?

उत्तर: तुम्ही कमी पडत नाही. भयकथेत भूत कोणाचे हे अखेरीस बहुधा कळते. विचित्र कथेत पुष्कळदा तेच मुद्दाम झाकलेले असते. फ्रान्झ काफ्का या जर्मन भाषेतल्या लेखकाच्या 'मेटामॉर्फोसिस' या १९१५ मधल्या प्रसिद्ध कथेतला तरुण किडा होऊन जागा होतो आणि त्याला चिंता पडते ती पहाटे पाचची गाडी चुकल्याची. तो किडा का झाला, हे कथा शेवटपर्यंत सांगत नाही. अघटित एकच, बाकी नोकरी, घरचे कर्ज, दाराबाहेरची आई, सारे आपल्या ओळखीचे. म्हणून शेवटाचा अर्थ लावण्याआधी मागे जा आणि ओळखीचे जग नेमके कोणत्या वाक्याला हलले ते शोधा. मराठीत सुरुवात करायची तर रत्नाकर मतकरी सोपे जातील. जी. ए. कुलकर्णी यांच्याकडे त्यानंतर वळा. त्यांची एक कथा एका बैठकीत वाचा, चार दिवस ठेवून द्या आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचा. दुसऱ्या वेळी तुमचे लक्ष कुठे थांबले, ते मला अवश्य लिहून कळवा.