मुलगा नेहमी ‘सपोर्ट’च का खेळतो?

प्रश्न : माझा मुलगा बारावीत आहे. शनिवार-रविवारी रात्री चार मित्रांसोबत कॉम्प्युटरवर डोटा हा लढाईचा सांघिक खेळ खेळतो. सगळे त्याला ‘सपोर्ट’ करतात, म्हणजे इतरांना मदत करणाऱ्याची जागा देतात. सोनं, हत्यारं दुसऱ्याला आणि मरायला हा पुढे! मित्र याला वापरून घेतात असं मला वाटतं. तो म्हणतो, मला हेच आवडतं. अशा खेळाडूला काही किंमत असते का?
— एक आई, सांगली

उत्तर : ताई, माझा धाकटा भाऊही सपोर्टच खेळायचा आणि मलाही अगदी हाच राग यायचा. माझा तो राग गेला २०१८च्या राखीपौर्णिमेच्या आदल्या रात्री.

त्या रात्री कॅनडात, व्हँकुव्हरला, डोटाच्या जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना होता. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली. एका बाजूला चीनचा ‘पीएसजी एलजीडी’, दुसऱ्या बाजूला ‘ओजी’. ओजीचे दोन जुने खेळाडू स्पर्धेच्या दोन-तीन महिने आधीच संघ सोडून गेले होते. मग प्रशिक्षक सेब स्वतः खेळायला उतरला, मोठ्या मंचाचा अनुभव नसलेला फिनलंडचा वीस वर्षांचा टॉपसन आला, ऑस्ट्रेलियाचा अ‍ॅना परतला. आणि खुल्या पात्रता फेरीपासून सुरुवात! भाऊ मला सारखा एकच माणूस दाखवत होता : कप्तान योहान सुंडस्टाइन, डेन्मार्कचा, खेळातलं नाव ‘नोटेल’. आधी तो याच संघात कॅरी खेळलेला, म्हणजे ज्याच्यासाठी बाकीचे सोनं सोडतात तो. आता सोनं सोडणारा झाला होता. पाचव्या क्रमांकाचा सपोर्ट, संघातला सगळ्यात गरीब.

डोटात सोनं मुद्दामच असमान वाटतात. क्रीपवर, म्हणजे कॉम्प्युटरच चालवतो त्या छोट्या सैनिकांवर, शेवटचा घाव घालेल त्याला ते मिळतं. तो घाव कॅरीसाठी राखायचा, कारण त्याच्याकडे वेळेत हत्यारं आली तरच पुढची लढाई पेलते. सपोर्ट अंधाऱ्या नकाशावर वॉर्ड, म्हणजे टेहळणीच्या खुणा, लावतो, त्यामुळे शत्रू कुठून येतोय ते पाचही जणांना दिसतं. वॉर्ड लावायला तो एकटा पुढे जातो आणि कधी कधी तिथेच सापडतो. तुमच्या मुलाची काही मरणं नक्की अशी असतील.

ओजी १-२ असा मागे पडला. मी झोपायला उठले, भावाने हात धरून बसवलं. उरलेले दोन्ही डाव ओजीने जिंकले. बक्षीस १ कोटी १२ लाख डॉलर. पुढच्या वर्षी शांघायला याच पाच जणांनी पुन्हा जिंकलं. लागोपाठ दोनदा जिंकणारा तो पहिला संघ. आणि बक्षिसांच्या कमाईत जगातल्या सगळ्या ई-स्पोर्ट्स खेळाडूंमध्ये पहिला आला तो हाच नोटेल. सपोर्टची किंमत विचारलीत म्हणून सांगते.

एका शनिवारी मुलाच्या शेजारी बसा. वॉर्ड इथेच का लावलास, एवढंच विचारा. भराभरा कारण सांगायला लागला तर समजा, सपोर्टची जागा त्याने स्वतः निवडली आहे. आणि डाव हरल्यावर मित्र काय बोलतात तेही ऐका. दर वेळी खापर त्याच्याच माथी फुटत असेल, तर तुमची शंका खरी आहे. मग खेळ नाही, सोबत बदलायला सांगा.