गुरूचा उजवा हात : वाचकांच्या शंका

आचार्य रजनीशांच्या अमेरिकेतल्या ओरेगॉनमधल्या कम्यूनमध्ये त्यांच्या सचिव मा आनंद शीलांकडे एवढी सत्ता गेली कशी?

गुरूच्या मौनामुळे. एप्रिल १९८१ मध्ये रजनीशांनी पुण्यातली प्रवचनं थांबवली. मग ऑक्टोबर १९८४ संपेपर्यंत ते जाहीरपणे बोललेच नाहीत. या काळात शीला त्यांना भेटून बाहेर यायच्या आणि सांगतील तोच भगवानांचा, म्हणजे रजनीशांचा, शब्द. खरंखोटं करायला बहुतेकांना आत प्रवेशच नव्हता. शिष्यांना गुरू दिसायचे ते रोल्स रॉइसच्या काचेआड. रस्त्याच्या कडेला हात जोडून उभं राहायचं, गाडी हळूहळू पुढे सरकायची. ६४ हजार एकरांवर हुकूम चालायचा तो शीलांचा.

त्या खरंच निष्ठावान होत्या का? मग हातून गुन्हे कसे घडले?

होत्या, असं मी मानतो. आणि मला भीती वाटते ती याच निष्ठेची. कम्यून ज्या वास्को परगण्यात होतं, तिथल्या निवडणुकीत विरोधी मतदार घरी पडून राहावेत म्हणून १९८४ मध्ये द डॅलेस गावातल्या दहा हॉटेलांत साल्मोनेलाचे जंतू कालवले गेले. ७५१ माणसं आजारी पडली. साधी जेवायला गेलेली माणसं होती ती! पुढे तर ज्यांच्यासाठी हे सारं चाललं होतं, त्या गुरूच्याच खोलीत चोरून माइक बसवले गेले. सप्टेंबर १९८५ मध्ये शीला निघून गेल्या आणि रजनीशांनी पत्रकारांसमोर सगळं खापर त्यांच्यावर फोडलं. शीलांनी न्यायालयात गुन्हे कबूल केले, २९ महिने तुरुंगात काढले. त्यानंतरही त्या गुरूंबद्दल प्रेमानेच बोलत राहिल्या.

माझा धाकटा भाऊ एका महाराजांचा उजवा हात झालाय. माहेरी येणंही बंद केलंय. काय करू?

ताई, त्याच्यासमोर महाराजांना नावं ठेवू नका, तो आणखी दूर जाईल. ट्रस्टच्या, जमिनीच्या कोणत्या कागदांवर त्याची सही आहे, एवढं मात्र शांतपणे विचारा. उद्या चौकशी झाली तर जाब सही करणाऱ्यालाच विचारतात. मा योगलक्ष्मींनी पुण्याच्या आश्रमाचा सारा कारभार सांभाळला होता, तरी १९८१ मध्ये त्यांच्या जागी शीला आल्या. हेही त्याला कधीतरी सांगा, पण टोमणा म्हणून नको. भाऊबीजेला ताट वाढून ठेवा, तो आला नाही तरी. आणि भावजयीशी बोलणं तोडू नका. घरात काय बिनसलंय ते आधी तिलाच कळेल.