संगीतातली विशारद परीक्षा झाली म्हणजे शिकवता येतं का? (भारत आणि जपानमध्ये संगीतशिक्षकांचं प्रशिक्षण कसं घडत गेलं, या प्रश्नाचं उत्तर)

जपानने आधी मास्तर घडवले, आपण आधी गवई. सगळा फरक तिथून सुरू होतो.

जपानच्या १८७२च्या शिक्षण कायद्यात गायन हा विषय होता, पण ‘तूर्त वगळावा’ असा शेरा मारून. शिकवणार कोण? १८७५ला अमेरिकेत अध्यापनशास्त्र शिकायला गेलेल्या इसावा शूजीच्या गळ्यात तिथलं सप्तक बसेना. प्राचार्यांनी गायनातून सूट देऊ केली. ती न घेता तो बॉस्टनच्या शाळांतल्या गायनशिक्षणाचा जाणकार ल्यूथर व्हाइटिंग मेसन याच्याकडे शिकायला गेला. १८७९ला सरकारने संगीत-अभ्यासाचं खातं काढून इसावाला प्रमुख केलं आणि १८८०ला मेसनला टोकियोत आणलं. शिक्षक घडवणं, गाण्यांची पुस्तकं काढणं आणि ती गाणी शाळेतल्या मुलांवर तपासणं अशी तिन्ही कामं तिथेच झाली. पहिल्या पुस्तकातलं काजव्यांचं गाणं स्कॉटिश चालीवर आहे. पेटीवर काढून बघा: मंद्र (खालच्या सप्तकातला) प, मग सा सा सा ग, रे सा रे ग, सा सा ग प ध. म, नी नाहीत. चक्क भूप रागाचे स्वर! पुढे तिथल्या शालेय गाण्यांत हेच पाच स्वर रुळले. १८८७ला त्या खात्याचं टोकियो संगीत विद्यालय झालं.

आपल्याकडे गायक विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ला लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढलं, तेही राजाश्रयाशिवाय, जलसे आणि देणग्यांवर. त्यांचा उपदेशक वर्ग हे खरं शिक्षक-प्रशिक्षण होतं: नऊ वर्षांचा करार, राहणं-जेवण फुकट आणि पुढे संगीत शिकवायचं. विनायकराव पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर त्यातलेच. पलुसकर १९३१ला गेले, त्याच वर्षी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन झालं. पुढे प्रारंभिक ते अलंकार ही परीक्षांची शिडी गावोगाव पोचली आणि उपदेशक वर्ग मागे पडला. विशारदला तुमचं गाणं तपासतात. चाळीस पोरांचा वर्ग सांभाळता येतो का, हे कोण बघतं?

परिणाम पहिलीच्या वर्गात दिसतो. बाई स्वतःच्या काळी चारमध्ये (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर) षड्ज, म्हणजे सा लावतात. सहा वर्षांच्या पोरांना तो खोल पडतो आणि मंद्र नी आला की नुसती घरघर. गुरुजी खर्जात गातात, पोरं तो आवाज खालीच शोधत बसतात. षड्ज त्याहून वरच्या काळी एक किंवा दोनला धरा, पहिले काही महिने सा ते प एवढंच आणि एका वेळी चार मात्रांचा तुकडा. पेटीवर चाल पूर्ण वाजवत बसू नका. पोरं पेटीच्या मागे गातात, कान तयार होत नाही. एक ओळ तोंडाने म्हणा, मग गप्प बसून ऐका.

एवढं मात्र खरं की जपानी पद्धतीत कोतो, शामिसेन ही तिथली तंतुवाद्यं शाळेबाहेर राहिली. माध्यमिक शाळेत देशी वाद्य सक्तीचं व्हायला २००२ उजाडलं. आपला राग शाबूत राहिला तो गुरुकुलामुळे, हेही मान्य. पण म्हणून गवयाला थेट पहिलीच्या वर्गात उभं करायचं?